छकुलीचा कायदा

चॅनेलच्या मेकअपवालीने तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं झाकायला स्पंज टेकवला, तेवढ्यात दारातून कुणीतरी म्हणालं, "ते राहू दे. ते दिसायला हवं." मेकअपवालीने मुकाट्याने लावलेलं पुसून टाकलं. शेजारच्या खुर्चीत नवरा हनुवटी वर करून बसला होता. दिव्यात चमकू नये म्हणून त्याच्या टकलावर पावडर चढत होती. तो या खोलीला चांगलाच सरावला होता. माइकची वायर शर्टातून कशी घ्यायची, चहा कुणाकडे मागायचा, हे तो नवख्या पाहुण्यांना आपणहून समजावून सांगायचा.

तिची मात्र ही पहिलीच खेप. बोलायचं काम नवऱ्याचं आणि घर चालवायचं तिचं, अशी वाटणी आपोआपच झाली होती. ती एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत दातांच्या कवळ्या बनवायची. दुसऱ्यांच्या तोंडात काय बसेल ते बघता बघता माझं तोंड मिटूनच राहिलं, असं ती पूर्वी हसत म्हणायची. आता तिला कुणी काही विचारतच नसे, आणि तिचं नावही कुणी घेत नसे. अख्ख्या देशाला ती छकुलीची आई म्हणूनच ठाऊक होती.

मुलगी बसस्टॉपवरच्या बॉम्बस्फोटात गेली तेव्हा सहा वर्षांची होती. महिनाभराने एक पुढारी घरी आले, सोफ्याच्या कडेवर अवघडून बसले आणि त्यांनी मुलीचा फोटो मागितला. नवऱ्याने शाळेतलं नाव सांगितलं, मग हुंदका आवरत म्हणाला, आम्ही छकुली म्हणायचो. पुढाऱ्यांनी तेवढंच उचललं. पुढे आलेल्या कायद्याला एक लांबलचक सरकारी नावही होतं, पण ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. संशयावरून कुणालाही उचलायचं आणि आरोप न ठेवता हवा तितका काळ आत ठेवायचं, याला लोक छकुलीचा कायदा म्हणू लागले. सुरुवातीला तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. मग एकदा बसमध्ये पुढच्या बाकावरचे दोन पोलीस गप्पा मारत होते. एक म्हणाला, "त्याला छकुली लावली. बसेल आता सडत." ती पुढच्याच थांब्यावर उतरली आणि घरापर्यंत चालत आली.

खालच्या मजल्यावर वॉशिंग मशीन दुरुस्त करणारा एक मेकॅनिक राहायचा. छकुली त्याला मशीनकाका म्हणायची. आई कामावर असली की तिच्या सगळ्या दुपारी त्याच्याच घरात जायच्या. बुटाची नाडी बांधायला तिला त्यानेच शिकवलं होतं आणि दात पडल्यावर तो कुठे गेला याच्या थापाही त्यानेच मारल्या होत्या. गेल्या महिन्यात पोलिसांनी त्याला उचललं. घरात जुन्या मशीनचे टायमर सापडले, पोतंभर. मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या घरात दुसरं काय सापडणार? पण ते ऐकायला कुणाला सवड नव्हती. वायर असलेली प्रत्येक वस्तू पोलिसांनी नेली, टीव्ही, फोन, अगदी इस्त्रीसुद्धा. त्याला कुठे ठेवलंय हे कुणी सांगेना.

त्याची बायको वर आली, पण उंबऱ्याच्या आत आली नाही.

"ताई, तुमच्या मुलीच्या नावाने नेलंय त्यांना," ती म्हणाली. "तुम्ही एक शब्द टाका."

कायद्याची मुदत संपत आली होती. वाढवायची की नाही यावर देशभर रणं माजली होती आणि याच आठवड्यात संसदेत त्यावर मतदान होतं. तिने नवऱ्याजवळ विषय काढला. निर्दोष असेल तर सुटेल की, असं म्हणून त्याने आधी तो झटकून टाकला. मग पंख्याकडे बघू लागला.

"हा कायदा गेला, तर तिची आठवण कोण काढणार?" तो म्हणाला. "तू आणि मी. मग तेही नाही."

त्याचा तिला राग आला नाही. त्याच्याकडे दुसरं काही उरलंच नव्हतं. दोन दिवसांनी तिने सांगितलं, या वेळी मीही येते कार्यक्रमाला. त्याला वाटलं, हिचं मन वळलं. चॅनेलवाले तर हरखूनच गेले.

स्टुडिओत एक निवृत्त अधिकारी आणि एक वकीलबाई एकमेकांवर तुटून पडले होते. कायदा नसता तर आज देश उरला नसता, असं अधिकाऱ्याचं म्हणणं. कायद्याने किती घरं उठवली ते मोजा, असं वकीलबाईंचं. नवरा नेहमीचं बोलला आणि नेहमीच्याच जागी त्याचा गळा दाटला. मग निवेदकाने आवाज खाली आणला.

"आई, तुम्ही कधीच बोलला नाहीत. आज देश ऐकतोय."

तिने वाक्य पाठ करून आणलं होतं. ते तिने एका दमात म्हटलं.

"आमच्या खाली राहतात त्या मेकॅनिकला या कायद्याखाली नेलंय. छकुली रोज दुपारी त्यांच्याकडेच असायची. ते तसले नाहीत."

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. निवेदक पुढे झुकला.

"म्हणजे हा माणूस तुमच्या मुलीच्या इतक्या जवळ होता," तो हळूच म्हणाला. "तिच्या जाण्यायेण्याच्या वेळा त्याला ठाऊक होत्या."

"तसं नाही," ती म्हणाली. वकीलबाईही काही बोलू लागल्या, पण त्यांचा माइक बंद केलेला होता. समोरच्या पडद्यावर तळाशी अक्षरं सरकू लागली होती, संशयिताची छकुलीच्या घरात ऊठबस, आईचा गौप्यस्फोट. निवेदक तिला हातानेच थांबवत कॅमेऱ्याकडे वळला आणि जाहिराती लागल्या. कुणीतरी येऊन तिच्या गळ्याजवळचा माइक काढून नेला.

चॅनेलच्या गाडीत नवरा तिच्याजवळ सरकून बसला. मग त्याने तिचा हात हातात घेतला. असा त्याने कित्येक वर्षांत घेतला नव्हता.

"त्या दिवशी तो होता का गं स्टॉपवर?"

"नव्हता. मी होते ना तिथे. तिला बाकावर बसवलं आणि पाण्याची बाटली आणायला रस्ता ओलांडला. तुम्हाला ठाऊक आहे सगळं."

"रागावू नकोस. पण नीट आठव एकदा."

तो जिवाच्या आकांताने विचारत होता, म्हणून तिने डोळे मिटले. तो स्टॉप तिला तोंडपाठ होता. बाक, बाकावर पाय हलवत बसलेली छकुली, छत्रीवाली म्हातारी, पेपर वाचणारा माणूस, खांब. तिने पुन्हा पहिल्यापासून बघितलं. या वेळी खांबाच्या मागे मेकॅनिक उभा होता. तिने चटकन डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. तो तिथेच होता, आणि छकुली त्याच्याकडे बघून हसत होती.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही."

गाडी इमारतीशी थांबली. मेकॅनिकची बायको जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून होती, घरात टीव्ही नव्हता म्हणून बातमीची वाट बघत. छकुलीच्या आईला बघताच ती धडपडत उठली.

"बोललात का, ताई?"

"बोलले," ती म्हणाली, आणि तिच्याकडे न बघता जिना चढू लागली.