मला बॅकअप म्हणू नका

मित्रांनो, मी एक जुनी डिस्क आहे. आणि आधीच सांगून ठेवते, मला बॅकअप म्हणायचं नाही! ऐकून ऐकून कान किटलेत माझे.

मी जन्मले ती जागा भलतीच स्वच्छ होती. माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत, धुळीचा कण दिसला तरी आरडाओरडा. आणि तिथून येऊन पडले कुठे, तर एका बुटांच्या वर्कशॉपात, जिन्याखालच्या कपाटात. शेजारी चिकटवायच्या सोल्यूशनचे डबे, वरून चामड्याचा भुसा. झालं कल्याण!

इथे साधे बूट बनत नाहीत. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचा तळवा वाकडा, अशांसाठी एकेक जोड मापाने बनतो. गिऱ्हाइकं मापं, पायाचे फोटो, 'इथे टोचतंय, तिथे चावतोय' सगळं मेलवर पाठवतात. मालकांनी मेलचा सर्व्हरसुद्धा घरचाच ठेवलेला. "आपली पत्रं परक्याच्या घरी कशाला?" असं त्यांचं म्हणणं.

त्या सर्व्हरमध्ये मी आणि माझी जुळी बहीण. ती जे लिहील ते मी लिहायचं, ती जे पुसेल ते मी पुसायचं. त्याच क्षणी. एकदा ती बंद पडली, तर नवी येईपर्यंत सगळं काम मी एकटीने ओढलं. कुणाला कळलंसुद्धा नाही. मालकांच्या जावईबापूंनी माझ्यावर टिचकी मारली आणि म्हणाले, "बघा बाबा, याला म्हणतात बॅकअप!" तेच नाव चिकटलं. त्यानंतर माझ्यावरची धूळ पुसायला फडकंसुद्धा कुणी आणलं नाही.

मालकांच्या मुलीला, म्हणजे ताईला, तेवढं कळत होतं की हा बॅकअप नव्हे.

"बाबा, मेलची वेगळी प्रत हवी. रोजची. आणि या इमारतीच्या बाहेर."

"दोन डिस्क आहेत ना?"

"त्या एकमेकींची नक्कल आहेत हो! एकीतलं पुसलं की दुसरीतलंही गेलं."

"पुसतंय कोण? मी काय वेडा आहे?"

जावईबापू चहा पीत म्हणाले, "अगं, दोन म्हणजे दोन. कशाला डोकं खातेस त्यांचं?"

मी आत गरागरा फिरत होते. अरे, ती खरं बोलतेय! पण डिस्कचं ऐकतो कोण.

मग जागा भरल्याची सूचना यायला लागली. मालकांना तिचा वैताग. एका दुपारी त्यांनी जुन्या मेलचा अख्खा कप्पा निवडला. संगणकाने विचारलं, नक्की कायमचं पुसायचं? मालक ओरडले, "नक्की म्हणजे नक्की! मालक तू आहेस की मी?"

नव्या बहिणीने पुसलं. पापणी लवायच्या आत मीही पुसलं. वर्षानुवर्षांची मापं! मला नव्हतं पुसायचं हो, पण माझं कामच ते. कुणाच्या लक्षात येईपर्यंत त्या जागेवर नवे मेल येऊन बसले.

लक्षात कधी आलं? कंडक्टर मावशी आल्या तेव्हा. दिवसभर बसमध्ये उभं राहायचं काम, एक पाय आखूड. बूट फाटलेला, सुट्टी संपत आलेली. टाच कुठे किती चढवायची हे वर्षानुवर्षं दुरुस्त करत आणलेलं, आणि ते सगळं त्या मेलमध्ये.

ताई शोधतेय, शोधतेय. मावशी म्हणाल्या, "माझा पाय मी सोबत आणलाय बाई. माप तुम्ही कुठे ठेवलंत?"

"बॅकअप आहे की!" जावईबापू ऐटीत कपाटाशी आले. माझ्यातले मेल उघडून बघितले. "हिच्यातही नाही?" आणि पुढे काय म्हणावं? "मग याच सर्व्हरमध्ये तिसरी डिस्क बसवू."

ताईने हातातली चामडं टोचायची आरी टेबलावर आपटली. "तिसरी बसवा, दहावी बसवा! सगळ्या मिळून एकदम पुसतील!"

मालकांनी मावशींचा फाटका बूट कापून एकेक थर मोजला. नवा जोड घालून मावशी चालायच्या, लंगडायच्या, परत यायच्या. दर वेळी मालक स्वतः खाली बसून त्यांच्या बुटाची नाडी सोडायचे. मावशींना सुट्टी वाढवावी लागली. शेवटी टाच बसली, तेव्हा मालक ताईकडे न बघता म्हणाले,

"तुझी ती बाहेरची प्रत. ठेव. पण परक्याकडे नको."

"आत्याकडे ठेवली तर?"

"ती सगळे मेल वाचून काढेल!"

"पासवर्डचं कुलूप घालून देते, बाबा."

आता आत्याच्या माळ्यावर वेगळ्या डिस्कचा एक डबा आहे. त्यात रोजची प्रत जाते आणि मागच्या दिवसांच्या प्रतीही तशाच राहतात. पण मालकांचा विश्वास कसला बसतोय! त्यांनी मावशींचा आदल्या दिवशी आलेला मेल सगळ्यांसमोर पुसला. "आण बघू आता परत."

ताईने आणला. मालकांनी मोठ्याने वाचला, "कामावर रुजू झाले. टाच चावत नाही." मग पुन्हा एकदा वाचला. हल्ली अधूनमधून ते मुद्दाम काहीतरी पुसतात आणि हाताची घडी घालून ताईच्या मागे उभे राहतात.

तर मित्रांनो, जे हरवलं तर कुणाचा तरी पाय अडेल, त्याची प्रत दुसऱ्या घरी ठेवा. आणि नुसती ठेवून झोपू नका, ती परत येते का तेही बघत जा. मी आजही पुस म्हटलं की पुसते. फक्त आता पुसताना आत्याच्या माळ्यावरचा तो डबा आठवतो.