धाकट्याला थोरलं ऐकू येईना

प्रेरणानं वायर दोन्ही मशीनमधून उपटली, टोकं उलटी केली आणि पुन्हा खोचली. मग संगणकाच्या पडद्यासमोर उकिडवी बसून ती मोजू लागली. एका मशीननं दुसऱ्याला मारलेल्या शंभर हाकांतल्या अकरा वाया गेल्या.

"टोकं बदलली तरी थोरल्याच्याच बाजूला तेवढ्याच जातायत, काका."

हनुमंत दाराला टेकून उभा होता. काका! दूध संघात अकरा वर्षं काढली, जुनी मशीनं होती तेव्हा हाच माणूस रात्रंदिवस त्यांना सांभाळत होता, आणि ही काल आलेली पोर त्याला काका म्हणते. काका म्हटलं की मानही दिल्यासारखा होतो आणि माणूस कडेलाही सरकवता येतो.

"वायर नवी आणली तवाच म्या म्हनलं व्हतं," तो म्हणाला. "जुनीला काय धाड भरली व्हती?"

"वायरीत दोष असता तर टोकांबरोबर तोही पलीकडे गेला असता. गेला नाही. म्हणजे थोरल्याच्याच बाजूला काहीतरी आहे."

थोरलं आणि धाकटं ही नावं हनुमंतानंच ठेवलेली. भोंगवली, शिवरे, पानशेत, सगळ्या केंद्रांवरचं दूध थोरल्या मशीनमध्ये नोंदलं जायचं. धाकटं नुसतं बसून असायचं आणि मधल्या वायरीतून दर सेकंदाला थोरल्याला विचारायचं, आहेस का? उत्तर आलं नाही, की थोरलं गेलं असं समजून ते कारभार हाती घ्यायचं. गेले चार दिवस, नवी वायर खोचल्यापासून, थोरलं ठणठणीत असूनही त्याचं उत्तर मधेच हरवत होतं. मग दोन्ही मशीनं एकाच वेळी कारभारी होत आणि एकाच दुधाचे दोन निराळे आकडे लोकांच्या मोबाईलवर जाऊन पडत. सकाळीच भोंगवलीच्या रखमाजींचा फोन आला होता.

"माझी म्हस येक हाय का दोन, तेवढं तुमीच ठरवून सांगा," ते म्हणाले होते.

चेअरमन आनंदराव अकराला यायचे होते. वेल्ह्याला नवं शीतकेंद्र उघडत होतं, तिथंही अशीच जोडी बसायची होती, आणि ते केंद्र कुणाच्या हाती द्यायचं ते आज ठरणार होतं. प्रेरणाचं गाव वेल्ह्यापासून चार किलोमीटर. रोज पहाटे साडेपाचला ती घर सोडायची आणि नसरापूरला एसटी बदलून भोरला यायची. तिथलं काम मिळालं तर अंथरुणाला खिळलेल्या आईला ती दुपारी दोन घास भरवू शकली असती. हे सगळं हनुमंताला माहीत होतं. त्याचं स्वतःचं घर इथून चालत दहा मिनिटांवर. त्याला वेल्हं नको होतं. ते तिला मिळू नये, एवढंच हवं होतं.

पोर हुशार होती, हेच तर दुखणं होतं. आधी चेअरमन खोलीत आले की "हनुमंतराव" अशी हाक पडायची. आता "प्रेरणा कुठंय?" एवढंच. खंडेनवमीला तर हद्द झाली. दरवर्षी पूजेचं ताट हनुमंताच्या हातात असायचं. यंदा चेअरमन म्हणाले, पोरीच्या हातनं होऊ द्या. आणि पोरीनं काय करावं? झाकणावर एकेक झेंडू ठेवला, हात जोडले, झाली पूजा. कुंकू नको म्हणाली, आत जातं. जातं म्हणे! सगळे पेढे घेऊन पांगल्यावर हनुमंतानं हळदकुंकू पाण्यात कालवलं आणि थोरल्याच्या पाठीमागं, तिला दिसणार नाही अशा जागी, पाच बोटं ओढली. तेव्हा कुठं त्याच्या जिवाला थंडावा मिळाला होता.

प्रेरणानं थोरलं बंद केलं आणि फडताळातून पुढं ओढलं. मोबाईलची बॅटरी लावून ती वायर खोचायच्या भोकात वाकून बघत राहिली. मग काडीला कापूस गुंडाळून तो स्पिरिटमध्ये बुडवला आणि आत फिरवला.

कापूस लाल होऊन बाहेर आला.

तिनं तो नाकाशी नेला. दुसरी काडी घेतली, तीही लाल, कडेला पिवळी. मग ती मान वळवून हनुमंताकडं बघू लागली. महिना होऊन गेला होता, तरी हनुमंताची बोटं आपोआप सदऱ्याला पुसली गेली.

"काका," ती हळूच म्हणाली, "हा गंजच ना?"

ती त्याला वाट करून देत होती. हनुमंताच्या कानशिलापर्यंत आग गेली. तिनं उपकार करायचे आणि आपण ते मुकाट्यानं घ्यायचे!

"व्हय," तो म्हणाला. "गंजच."

तिनं भोक काळजीपूर्वक पुसलं, वाळू दिलं, वायर खोचली, थोरलं चालू केलं. शंभरच्या शंभर हाका पोचल्या. तेवढ्यात आनंदराव आत आले.

"घावलं का काय?"

"गंज होता साहेब. पुसलाय. आता चालतंय."

"गंज?" आनंदरावांनी मशीनवर हात फिरवला. "दीड वर्सात? ही मशीनं निवडली कुनी?"

"मी."

"मग वेल्ह्याला बी असलीच गंजकी घ्यायची? लोकान्ला काय तोंड दावू मी?"

प्रेरणाच्या मुठीत तो कापूस होता. मूठ उघडली असती तरी पुरे होतं. हनुमंत तिच्या हाताकडं बघत राहिला. उघड बये, सांग एकदाचं, म्हणजे मला तुझा सुखानं राग करता येईल. तिनं मूठ उघडली नाही.

"गंज न्हाई, साहेब," हनुमंत म्हणाला. "कुंकू हाय. म्या लावलं, पान्यात कालवून. ही नगं म्हनत व्हती."

आनंदराव त्याच्याकडं बघतच राहिले. मग त्यांनी त्याच्या पाठीवर जोरात थाप मारली.

"हनुमंतराव! चूक सोताच्या तोंडानं कबूल करनारा मानूस या संघात आज बघितला म्या. वेल्ह्याला मला असाच मानूस पायजे. मशीन काय, शिकलं की कुनालाबी येतं." त्यांनी खिशातून नव्या केंद्राच्या किल्ल्या काढल्या. "धरा. आन् प्रेरणा, तू हितंच बरी. तुझ्यावाचून हितलं अडतंय."

"हो, साहेब," प्रेरणा म्हणाली.

तिनं किल्ल्यांकडं बघितलं, मग हनुमंताकडं. रागानं नव्हे. दाराला टेकून दीड वर्षं तो तिच्या पाठीकडं जसा बघत आला होता, अगदी तसं.

साहेब, बिघाड हिनं शोधला, वेल्ह्याला हिलाच धाडा. वाक्य सबंध जिभेवर आलं होतं. आनंदरावही थांबले होते, त्याला काही बोलायचंय हे ओळखून.

हनुमंतानं किल्ल्या घेतल्या.

"उद्यापासनंच जाऊ का, साहेब?" त्यानं विचारलं.