क्रुसिबलचा निळा तळ

घाटकोपरच्या आमच्या लॅबमध्ये क्रुसिबल म्हणजे टूथब्रश. ज्याची त्यानेच वापरायची. वाटीएवढं पांढरं भांडं, त्यात पावडर घालून भट्टीत बाराशे अंशांवर भाजायची. एका मिश्रणाला एकच भांडं, बुडाला कानशीने खूण. माझी खूण दोन रेघा.

माझं मिश्रण लोखंडाचं. इंधनापासून वीज करणाऱ्या फ्युएल सेलमध्ये हवेच्या बाजूला जो थर असतो, त्यात बहुतेक जण कोबाल्ट घालतात. वीज झकास मिळते, पण ते महाग, आणि तापलं की थर फुगून तडकतो. कोबाल्टशिवाय करून दाखवीन, असा हट्ट धरून मी तीन वर्षं बसले होते. सहा खेपा फसल्या. सातवीच्या वेळी बाबांची बायपास निघाली आणि मी भांडुपला अडकले.

"तू बाबांना बघ गं, पावडर मी करतो," लॅबमधला निहार म्हणाला. चार वर्षं आम्ही एका डब्यात जेवत होतो. मी डोळे मिटून हो म्हटलं.

त्या पावडरीने आधीच्या खेपांच्या जवळपास दुप्पट वीज दिली. पेपर छापून आला, पहिलं नाव माझं, दुसरं त्याचं. बाबांनी गिरणीतले जुने दोस्त बोलावून लेकीचे पेढे वाटले. पेपरातलं त्यांना एवढंच कळलं होतं, "माझ्या चेडवान कोबाल्ट न घालता केल्यान!"

आज आठव्या खेपेसाठी कपाटातून माझी क्रुसिबल काढली. सातवीसाठी निहारला नवी कोरी दिली होती, नंतर मी तिला हात लावला नव्हता. बुडाला दोन रेघा होत्या, आणि आतला तळ निळा. लोखंडाने तळ तांबूस होतो. असा निळा करतं ते कोबाल्ट.

मी भांडं निहारपुढे आपटलं.

"चिमूटभर टाकलं यार."

"चिमूट म्हणजे किती?"

"दहा टक्के. सातवीही फसत होती. बाबा आयसीयूत, तुझी आधीच वाट लागलेली. तुझ्यासाठीच केलं ना!"

माझ्यासाठी! त्याच पेपरवर हा पुढच्या महिन्यात जर्मनीला चाललाय. आणि लबाडी करतानाही पठ्ठ्याने लॅबचा नियम पाळला, माझ्या पावडरीला माझंच भांडं घेतलं. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि रडूही आलं.

"दे, अ‍ॅसिडने घासतो," त्याने हात पुढे केला.

"जाणार नाही. तुलाही माहितीये."

"मग माझं नाव तरी घेऊ नको."

सॉरी म्हणाला नाही. मी तळाचा फोटो काढला आणि पेपर मागे घ्या म्हणून जर्नलला मेल केला. काय झालं ते सगळं लिहिलं, त्याच्या नावासकट. मग बाबांना फोन लावला.

"बाबा, त्यात कोबाल्ट निघालं."

एवढा शब्द त्यांना येत होता.

"अगो, घाबरतंस कित्याक? निहाराक इचार. तो तुका बरोबर सांगात."