दसऱ्याचं इमान

विमान वेळेत पुरं झालं असतं तर शिवहारचा फायदा एवढाच होता, की हट्टा गावची माणसं त्याला ‘इमान धुणारा’ म्हणायची थांबली असती. वायुदलात वीस वर्षं त्यानं इंजिनं खोलली आणि जोडली. पण एकदा सुट्टीत मोटारसायकल धुताना भावकीतल्या थोरल्या मसाजीनं विचारलं, “तिकडं बी हेच करतूस काय रे?” आणि ते नाव त्याला चिकटलं.

म्हणून निवृत्तीनंतर त्यानं प्लास्टिकचे सुटे भाग मागवून हातभर लांबीचं लढाऊ विमान जोडायला घेतलं. आत नखाएवढ्या नळ्यांचं इंजिन, आणि ते दिसावं म्हणून पोटाला उघडझाक होणारं झाकण. दसऱ्याला सोनं द्यायला सगळं गाव येतं. तेव्हा झाकण उघडायचं, बोट ठेवायचं आणि सांगायचं, हे माझं काम.

पण घर ऐकेल तर ना! राखाडी रंगाचा हात दिला की सोयाबीनच्या मळणीची धूळ येऊन बसायची. घासा, पुन्हा रंगवा. तिसऱ्यांदा तर कोंबडी पंखावरून चालत गेली. शेवटचा हात दसऱ्याच्या सकाळी देऊन त्यानं विमान टोपल्याखाली झाकलं आणि आंघोळीला गेला.

परत येतो तर टोपलं बाजूला, विमानाच्या नाकावर हळद, पाठीवर कुंकवाची पाच बोटं, शेपटीत झेंडू.

“माय, रंग वला व्हता ना!”

“मंग? कुंकू बी वलंच लावतेत,” सुभद्राबाई म्हणाल्या. “इळा पुजला, पंप पुजला, टॅक्टर पुजला. तुझं इमानच तेवढं उघडं ठेवू व्हय?”

दुपारभर त्यानं ओल्या फडक्यानं पुसून पाहिलं. थिनरनं प्लास्टिक विरघळतं हे शिवहारला पक्कं ठाऊक होतं. पण दिवस कलायला आला होता आणि डोकं तापलं होतं. फडकं बुडवून तो घासत सुटला. हळद निघेना, उलट राखाडीत मिसळून शेणकाल्यासारखी झाली.

तेवढ्यात आपट्याची पानं घेऊन उकंडराव पाटील, भावकी आणि सगळ्यांपुढं मसाजी दारात.

“या पाटील,” मसाजी म्हणाला, “बराबर टायमाला आलात. इमान धुऊन राहिलाय.”

अंगण हसलं. शिवहारनं घाईनं झाकणाला नख लावलं. थिनरनं मऊ पडलेली कड पोटाला चिकटून बसली होती. जोर दिला तसं नखच मोडलं.

“आत काय हाय?” उकंडरावांनी विचारलं.

“इंजिन.”

“असंल,” म्हणत त्यांनी विमानाला हात जोडले आणि आपट्याचं पान पंखावर ठेवलं. तेही चिकटलं.

त्या संध्याकाळी सुभद्राबाईंना पुण्य मिळालं, मसाजीला वर्षभर पुरेल एवढं हसू आणि पाटलांना चहा. या सगळ्याची किंमत भरली एकट्या शिवहारनं, आणि थिनरची बाटली त्यानं स्वतःच्या हातानं उघडली होती.