बेबीनंदाचा उजवा पाय

पाय बरा झालाय, असं जालन्याच्या हाडांच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं. त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून सोनूबाईला दाखवला. हाड नीट जुळलं होतं. तरी बेबीनंदा उजवी टाच जमिनीला लावत नव्हती. चवड्यावर तोल सावरत, भिंतीला हात लावत ती चालायची.

"नाटक करते पोरगी," डॉक्टर म्हणाले. "लाड कमी करा."

सोनूबाईनं एक्स-रे पिशवीत घातला. नऊ वर्षांची पोर नाटक करते म्हणावं, तर बघायला समोर कोणी तरी लागतं. ही तर कोंबड्यांच्या खुराड्यामागं एकटी असतानाही तशीच चालायची. सोनूबाईनं ते लपून बघितलं होतं.

बेबीनंदा तिच्या नवऱ्याची, साहेबरावची भाची. शहागडला आईपाशी राहायची; बाप ती रांगत होती तेव्हाच गेला. अठ्ठ्याण्णव सालच्या भादव्यात मायलेकी गेवराईच्या बाजारातून काळी-पिवळी जीपनं परत येत होत्या आणि समोरून ट्रक आला. आई जागीच गेली. बेबीनंदाचा पाय दबलेल्या सीटखाली अडकला होता. माणसं येऊन सीट उचलेपर्यंत ती तशीच आईशेजारी बसून होती. दवाखान्यातून साहेबरावनं तिला थेट वाटूरला आणलं, आणि सोनूबाईच्या मांडीवर दिलं. सोनूबाईला स्वतःचं मूल नव्हतं. पोर घरी आली याचा आनंद मानावा, तर तो नणंदेच्या चितेवरून आलेला. म्हणून ती तो मनात येऊच देत नसे.

आणि घर तरी कुठं, तर वाटूर फाट्यावर. साहेबरावचं पंक्चरचं दुकान पुढं, राहायच्या खोल्या मागं. जालन्याकडून, परभणीकडून दिवसभर ट्रक यायचे. हॉर्न वाजला की बेबीनंदाचे खांदे कानापर्यंत जायचे, हातातला घास हातात राहायचा. बोलणं तर तिनं जवळजवळ सोडलंच होतं. "हां" आणि "नको", एवढ्यावर दिवस जायचा.

दवाखान्यातल्याच एका नर्सबाईनं सोनूबाईला सांगितलं की औरंगाबादहून एक बाई दर गुरुवारी इथं येतात, लेकरांच्या मनाच्या डॉक्टर. किल्लारीच्या भूकंपानंतर तिकडच्या लेकरांमध्ये त्यांनी काम केलंय. प्रभावती त्यांचं नाव. त्यांना दाखवा एकदा.

पुढच्या गुरुवारी सोनूबाई पोरीला घेऊन एस्टीत बसली. अख्खा रस्ता बेबीनंदा तिच्या पदरात तोंड खुपसून होती.

प्रभावतीबाईंच्या खोलीत टेबल-खुर्ची नव्हती. सतरंजी होती, दोन उशा होत्या. बाई स्वतः खाली बसल्या आणि त्यांनी अपघाताबद्दल एक शब्द विचारला नाही. बकऱ्या किती, कोंबडी अंडी कुठं घालते, असंच काहीबाही विचारत राहिल्या. उत्तरं सोनूबाईच देत होती. मग बाईंनी पाय लांब केले आणि आपले तळवे बेबीनंदाच्या तळव्यांना हळूच टेकवले.

"मला मागं सारून बघ," त्या म्हणाल्या. "वाटलं तर. नाही वाटलं तर राहू दे."

बेबीनंदानं काही केलं नाही. पण पायही काढून घेतला नाही.

पोरगी बाहेरच्या नळावर पाणी प्यायला गेली तेव्हा सोनूबाईनं विचारलं, "तुमी तिला त्या दिवसाचं काहीच इचारलं न्हाई?"

"तिला सांगावंसं वाटेल तेव्हा सांगेल. भीती नुसती डोक्यात नसते ताई, अंगात बसते. अडकली तेव्हा तिच्या पायानं सुटायला जोर केला असणार. तो जोर अर्धाच राहिला. अंगाला अजून वाटतंय की आपण तिथंच आहोत."

"मंग काय करायचं?"

"अंगालाच शिकवायचं, की आता सुटलोय. रोज थोडं थोडं. घाई नाही करायची."

सोनूबाई विहारात जायची, तिथं डोळे मिटून श्वासावर ध्यान ठेवायला शिकवलेलं होतं. ते करू का, असं तिनं विचारलं. बाई म्हणाल्या, "श्वास चालेल, पण डोळे उघडे ठेवून. मिटले की तिला तेच दिसत असेल."

घरी आल्यावर सोनूबाईनं नेम धरला. दुपारची भांडी झाली की दोघी ओसरीवर समोरासमोर बसायच्या, तळव्याला तळवा लावून. हॉर्न वाजला की सोनूबाई आपले दोन्ही पाय जमिनीवर दाबायची आणि सहज विचारायची, "कुठं हाय गं आपण?"

पहिले काही दिवस पोरगी नुसती तिच्या पायांकडं बघायची. मग एकदा, तोंडातल्या तोंडात, "वाटूरला."

"बराबर. अन् काय दिसून राह्यलं?"

"बकरी."

शेजारची गोजरबाई हे कुंपणावरून बघायची. "पायाला पाय लावून काय बसून राह्यल्या गं? कुणाकडून नजर उतरवून घे त्यापेक्षा." सोनूबाई हसून म्हणायची, "औषध हाय ते, डॉक्टरीण बाईनं दिलेलं."

दिवाळीनंतरच्या एका दुपारी बेबीनंदाच्या उजव्या तळव्यानं पहिल्यांदा जोर दिला. मुंगीएवढा. मग आणखी थोडा. आणि एकाएकी तिची मांडी थरथरायला लागली, मग दोन्ही पाय, मग हनुवटी. सोनूबाई पुढं सरसावली. तिला वाटलं, पोरीला फीट आली. घट्ट आवळून धरावं. पण बाईंनी हे आधीच सांगून ठेवलं होतं. "कुत्रं मागं लागलेलं करडू वाचलं की काय करतं?" असं त्यांनी विचारलं होतं, आणि सोनूबाईच म्हणाली होती, "थरथरतं न् मंग चरायला लागतं."

तिनं पोरीला आवळलं नाही. तळव्याखाली नुसता हात ठेवला. "थरथरू दे," ती म्हणाली. "मी हाय इथंच. वाटूरला हाओत आपण." थरथर हळूहळू ओसरली. बेबीनंदानं मोठी जांभई दिली आणि मामीच्या मांडीवर डोकं टेकून झोपली. बऱ्याच दिवसांनी ती अशी न दचकता झोपली होती. सोनूबाईचे पाय बधिर झाले, तरी ती हलली नाही.

साहेबराव हे सगळं लांबूनच बघायचा. बहिणीचा विषय निघाला की तो उठून दुकानात जायचा. पण बाईंनी लेकरांना बसून झोके घ्यायला मोठा फुगीर चेंडू लागतो असं सांगितल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं. तसा चेंडू जालन्यात मिळेना. एका सकाळी त्यानं मोठी ट्यूब फुगवून, तिला गोणपाट गुंडाळून ओसरीवर आणून ठेवली.

बेबीनंदा बसली, हलकेच उडाली, पुन्हा उडाली. मग तिनं मामाकडं बघितलं. "ही कशाची हाय?"

साहेबरावला खोटं बोलता आलं असतं. सोनूबाईनं डोळ्यानं तसं सुचवलंही. पण तो म्हणाला, "ट्रकची."

पोरगी उतरली आणि आत जाऊन बसली. साहेबरावचा चेहरा पडला. "उचलून ठेवतो," तो म्हणाला. पण आतून आवाज आला, "राहू दे."

दुसऱ्या दिवशी सोनूबाई शेण काढत होती. बेबीनंदा ओसरीवर येऊन ट्यूबजवळ उभी राहिली, बराच वेळ. मग ती खाली बसली, पाठ भिंतीला लावली, दोन्ही तळवे ट्यूबला टेकवले आणि दात आवळून जोर लावला. ट्यूब सरकली, ओसरीच्या कडेवरून घरंगळली आणि अंगणात जाऊन पडली. बकऱ्या उधळल्या.

सोनूबाई तशीच शेणाच्या हातानं धावली. पोरगी रडत होती, पण बोलतही होती.

"मामी, मी ढकलली होती सीट. लई ढकलली. हललीच न्हाई. आई तिकडं होती."

दुकानाच्या दारात साहेबराव उभा होता. या वेळी तो आत निघून गेला नाही. तो ओसरीवर चढला आणि भाचीच्या समोर उकिडवा बसला.

"मी आल्तो तिथं मागून," तो म्हणाला. "जीप बघितली मी. गावातली धट्टीकट्टी माणसं लागली, पहार लावली, तवा कुठं ती सीट उचलली. माझ्यानंबी एकट्यानं हलली नसती, बेबी. कुणाच्याच पायानं हलली नसती."

"आईला लागलं तवा ती ओरडली न्हाई."

"न्हाई ओरडली. डॉक्टर म्हणले, तिला कळलंच न्हाई." मग तोही रडला. सोनूबाईनं कोपरानं पदर सावरला न् ती दोघांच्या मध्ये बसली. शेणाच्या हातानं कुणाला धरावं, हे तिला सुचेना. शेवटी बेबीनंदानंच तिच्या दंडाला मिठी मारली.

एका दिवसात काही टाच टेकली नाही. माघ गेला, फाल्गुन गेला. चालता चालता कधी टेकायची, हॉर्न वाजला की परत उचलायची. मधे एक आठवडा असा गेला की पोरगी परत मुकी झाली, सोनूबाई हताश होऊन जालन्याला गेली, तर प्रभावतीबाई म्हणाल्या, "असं होतं. मागं येऊन पुढं जातात लेकरं." जीपमध्ये मात्र बेबीनंदा बसली नाही, पुढं मोठी झाल्यावरही नाही. एस्टीत खिडकीशी बसायला ती तयार झाली, एवढंच.

उन्हाळ्यात गोजरबाई तावातावानं आली. "तुझ्या भाचीनं पोरींसंगं शर्यत लावून माझ्या वाळत घातलेल्या कुरडया तुडवल्या. बाजंवरून उडी टाकून गेली. जरा वळण लाव."

"उडी टाकली?" सोनूबाईनं विचारलं.

"मंग काय सांगून राह्यले."

सोनूबाईनं बेबीनंदाला हाक मारली आणि गोजरबाईच्या देखत खणखणीत झापलं. पोरगी दोन्ही पायांवर उभी राहून, खालमानेनं, ओठ दाबून हसू आवरत होती. दुसऱ्या दिवशी सोनूबाई तिला घेऊन गोजरबाईच्या अंगणात गेली. तिघींनी मिळून नवा चीक शिजवला. सोऱ्या दाबायचं काम बेबीनंदाला दिलं होतं, आणि तिच्या कुरडया वाकड्यातिकड्या पडत होत्या. गोजरबाई म्हणाली, चालतंय, तळल्यावर कोण बघतं.