कोठ्यातला दिवा मी विझवला

खांडेनवमीच्या पूजेतला दिवा फुंकर मारून विझवणारी आमच्या डोंगरगावातली पहिली मुलगी मीच. माझं नाव चंद्रकला वामनराव, इयत्ता दहावी. नाव नीट सांगून ठेवते, कारण त्या दिवसानंतर गावाने मला आणखी दोन-तीन नावं दिली आणि ती इथे लिहिण्यासारखी नाहीत.

भानगड झाली ती व्हॅनवरून. माझे मोठे काका भगवानराव ९२ सालच्या उन्हाळ्यात बेल्लमपल्लीकडे एका लिलावात गेले होते. घ्यायची होती ट्रॅक्टरची ट्रॉली. घेऊन आले बॅटरीवर चालणारी व्हॅन. डिझेल नाही, धूर नाही, आवाज नाही. फक्त ती स्वतः चालत आली नाही, ट्रकवर बसून आली, कारण एवढा पल्ला गाठणं तिच्या बॅटऱ्यांच्याने होणार नव्हतं. गावातली म्हातारी माणसं ट्रकभोवती जमून हसत होती. मी हसले नाही. मी तेव्हा आठवीत जायची होते, म्हणजे खरं तर कुठेच जायची नव्हते. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत, पुढची मराठी शाळा नऊ किलोमीटरवर आदिलाबादला, आणि गावात बस यायची अकरा वाजता. सातवी झाली की मुली कापूस वेचायला, अशी रीतच होती.

काकांनी चारचौघांत जाहीर केलं की माझी व्हॅन गावातल्या मुलींना शाळेत नेईल, फुकट. अकरा मुली निघाल्या. हे काकांनी केलं, दुसऱ्या कुणी नाही. मी आज दहावीत आहे ती त्या व्हॅनमुळे, आणि हे मी त्यांच्याशी भांडतानासुद्धा एकदाही नाकारलं नाही.

व्हॅन मात्र लाडावलेल्या म्हशीसारखी होती. सीटखाली आठ बॅटऱ्या, एकेक उचलायला दोन गडी लागायचे. पूर्ण चार्ज केली तर आदिलाबादला जाऊन परत यायची, त्यावर एक फर्लांगही नाही. नाल्यापुढचा चढ आला की ड्रायव्हर बाबारावकाका नुसतं मागे वळून बघायचे आणि आम्ही अकराजणी उतरून ढकलायला लागायचो. आदल्या दिवशी करंट आला नसेल तर दुसऱ्या दिवशी शाळा नाही. बॅटरीतलं तेजाब हिंदकळायचं आणि आमच्या निळ्या स्कर्टांना भोकं पडायची. कुणाच्या स्कर्टला किती भोकं यावरून वर्गातल्या पोरी आम्हाला ओळखायच्या. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. भोकं पडायला आधी शाळेत तर जायला पाहिजे.

चार्जिंग व्हायचं काकांच्या कोठ्यात. कोठा म्हणजे त्यांच्या आणि आमच्या घरामधली, दोन्ही घरांना लागून असलेली कापूस साठवायची खोली. खिडकी नाही, वर टिनाचं छत, एकच मोठं दार. व्हॅन बाहेर ठेवली तर कुणी बॅटऱ्या काढून नेईल म्हणून ती रात्रंदिवस आत, आणि दार बंद. तिच्या मागे भिंतीला टेकून कापसाचा ढीग. चार्जिंग चालू असताना आत गेलं की आंबट वास यायचा आणि घसा खवखवायचा. काकू म्हणायच्या की नवीन गाडीचा वास आहे.

मलाही तसंच वाटायचं. मग गेल्या श्रावणात आमच्या विज्ञानाच्या कुसुमबाईंनी वर्गात एक प्रयोग केला. काचेच्या नळीत वायू जमवला आणि नळीच्या तोंडाशी पेटती काडी धरली. पट् असा आवाज झाला, पहिल्या बाकावरच्या पोरी मागे पडल्या. हा हायड्रोजन, बाई म्हणाल्या, पाण्यातून वीज गेली की निघतो, हवेपेक्षा हलका म्हणून वर जाऊन बसतो, ठिणगी मिळाली की पेटतो. मी हात वर करून विचारलं की बॅटरी चार्ज करताना पण वीज जाते, मग? बाईंनी काडी खाली ठेवली. मग त्यांनी विचारलं, तुमची व्हॅन कुठे चार्ज करता? मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. नळीभर वायूचा एवढा आवाज, मग आठ बॅटऱ्यांचा, बंद खोलीत, किती होईल ते गणित त्यांनी मला करायला दिलं नाही. मी आपल्या मनाने केलं.

घरी येऊन काकांना सांगितलं. काका हसले आणि म्हणाले की दोन वर्षं झाली, काही झालं का? बाबारावकाकांनी मान डोलावली. बाबांनीही डोलावली, कारण मोठ्या भावापुढे ते तेवढंच करतात.

मग खांडेनवमी आली.

आमच्या घराण्यात त्या दिवशी अवजारांची पूजा असते. नांगर, वखर, विळे, काट्याचा तराजू, सगळं धुऊन कोठ्यात मांडतात, हळदकुंकू वाहतात आणि त्यांच्यापुढे तुपाचा दिवा लावतात. हा दिवा दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत विझू द्यायचा नसतो. वाऱ्याने विझू नये, मांजराने पाडू नये म्हणून दिवा लावला की कोठ्याचं दार लावून घ्यायचं. पणजोबांपासून असंच. फक्त पणजोबांच्या कोठ्यात बॅटऱ्या नव्हत्या.

त्या दिवशी सकाळी करंट आला, तोही दोन दिवसांनी. दसऱ्याला सगळ्या घराला व्हॅनमधून सोनं लुटायला न्यायचं होतं, म्हणून काकांनी बाबारावकाकांना लगेच चार्जिंग लावायला सांगितलं. पूजेची तयारी होईपर्यंत तीन तास गेले. पूजेच्या वेळी काका म्हणाले की नांगराची पूजा फाळाची, मग व्हॅनची पूजा तिच्या बॅटरीची. सीट उचलली. आठही बॅटऱ्यांची बुचं उघडीच होती. आत पाणी बुडबुडत होतं, भाताच्या पातेल्यासारखं. काकूंनी, म्हणजे जयवंताबाईकाकूंनी, पहिल्या बॅटरीवर कुंकवाचं बोट ओढलं, बाजूला पाट मांडला, पाटावर दिवा ठेवला आणि काडी ओढून तो लावला. तेवढा वेळ दार उघडं होतं, हवा खेळत होती. मग काका दाराकडे वळले, लावून घ्यायला.

मी दिव्यासमोर गेले आणि फूं केलं.

बुडबुडे तेवढे ऐकू येत होते. मग मी भिंतीवरचं बटन बंद केलं आणि तेही थांबले.

आमच्याकडे घरातला रोजचा दिवासुद्धा कुणी फुंकत नाही. पदराने वारा घालतात, फूल ठेवतात. आणि हा तर नवमीचा दिवा. काकूंनी तोंडाला पदर लावला. आईने माझा दंड पकडला तो इतका घट्ट की चार बोटं उठली. काका ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"काऊन इझवला?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. वायू, टिनाचं छत, बंद दार, कापूस, सगळं एका दमात. दार लावून रात्रभर दिवा ठेवला असता तर दसऱ्याला सोनं लुटायला घरातलं कुणी उरलं नसतं, असंही म्हणाले. हे सणाच्या दिवशी बोलायला नको होतं, ते मला वाक्य संपल्यावर कळलं.

"तुह्या त्या बाईनं शिकवलं व्हय दिवे इझवाले? त्यायच्या घरी देव नाई, दिवा नाई."

कुसुमबाई बौद्ध आहेत, काकांचा रोख तिकडे होता. मी त्यांच्या घरी गेलेली आहे. म्हणाले, "त्यायच्या घरी बुद्धापुढे मेणबत्ती लावते, काका. बॅटरीपुढे नाई लावत."

हे ऐकून दाराशी उभे असलेले बाबारावकाका खोकले. मला वाटतं ते हसू होतं.

काकांनी तिथल्या तिथे फैसला दिला. मी माझ्या हाताने तोच दिवा, त्याच पाटावर, त्याच कोठ्यात परत लावायचा, गाडीला हात जोडून चुकलं म्हणायचं. नाही तर शाळा उघडल्यावर व्हॅनमध्ये पाय ठेवायचा नाही. मी म्हटलं, व्हॅन अंगणात काढा, तासभर उघडी राहू द्या, मी पाच दिवे लावते, आरती म्हणते, लोटांगण घालते. कोठ्यात नाही. काका म्हणाले की दिव्याची जागा पणजोबांनी ठरवली, ती सातवी शिकलेल्यांनी बदलायची नाही. दहावी, मी म्हटलं. आईने दुसरा दंड पकडला.

शेवटी दिवा काकूंनीच परत लावला, पण काकांनी चार्जिंग बंदच ठेवलं आणि दारही रात्रभर सताड उघडं ठेवलं. कारण विचारलं तर म्हणाले गरमी आहे. दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. हीच तर माझी अडचण. काही झालं असतं तर मी खरी ठरले असते. काही झालं नाही म्हणून मी अपशकुनी ठरले. गावभर तेच: वामनरावाच्या पोरीनं नवमीचा दिवा फुंकला, आणि कशापायी, तर काहीच झालं नाही. वाचलेल्या माणसाला आपण वाचलो हे कळत नसेल तर त्याला कसं दाखवायचं, याचा प्रयोग कुसुमबाईंच्या पुस्तकात नाही.

शाळा उघडली. सकाळी व्हॅन निघाली, कोठ्यातून, बंद दाराआडून, रात्रभर चार्ज होऊन. मी त्याआधीच, उजाडता उजाडता चालायला लागले होते. नाल्याच्या पुढे व्हॅन मागून आली, पोरींनी खिडकीतून पाहिलं, बाबारावकाकांनी वेग कमी केला. मी हात हलवून पुढे जा म्हटलं. चढावर त्या दहाजणी उतरून ढकलत होत्या आणि मी बाजूने दप्तर झुलवत वर गेले. नऊ किलोमीटर काही कमी नाही, पाय रात्री लाकूड झाले. पण पहिल्या तासाला मी हजर होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा अंगणात उभे होते. माझ्या डब्यात एक भाकर जास्त होती आणि माझ्या चपलेला नवा अंगठा ठोकलेला होता.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत मी दहाहीजणींना गोळा केलं आणि कुसुमबाईंकडून नळी मागून आणली. बाईंनी समोर उभं राहून प्रयोग करू दिला. पट्. मी विचारलं, तुमच्या सीटखाली काय आहे ते कळलं का? सगळ्यात लहान वच्छला, आठवीतली, तिने विचारलं की मग आपण पण रोज त्याच्यावर बसतो? मी म्हटलं, बसण्यात काही नाही, रस्त्यावर हवा आहे. पण ती गाडी जिथे झोपते ती खोली काकूंच्या चुलीला लागून आहे, आणि एका रात्री ती उडाली तर घर जाईल, गाडी जाईल, आणि मग आपण सगळ्या कापूस वेचायला.

तिसऱ्या दिवशी वच्छला व्हॅनमध्ये बसली नाही. माझ्याबरोबर चालली. तिची आई मला शिव्या देत वेशीपर्यंत आली. चौथ्या दिवशी आम्ही सहा होतो. शनिवारी अकराच्या अकरा. व्हॅन रिकामी आदिलाबादला गेली, रिकामी परत आली, आणि बाजारात कापूसवाल्यांनी काकांना विचारलं की भगवानराव, पोरी कुठं सांडल्या?

रविवारी काका आमच्या अंगणात आले. बाबांनी खाट टाकली, काका बसले नाहीत. मला विचारलं की काय पाहिजे. मी बोटांवर मोजून ठेवलेलं होतं, पण बोटं न मोजता सांगितलं: गाडी कोठ्याबाहेर, उघड्यावर. वर टिन चालेल, भिंती नकोत. चार्जिंग चालू असताना जवळ दिवा, उदबत्ती, बिडी काही नाही. चोरांची भीती असेल तर बाबारावकाका तिथे खाट टाकायला तयार आहेत, मी विचारलंय. आणि कोठ्यात पणजोबांचा दिवा खुशाल लावा, दार लावून लावा.

काका बाबांकडे वळले. "वामन, पोरीले आवर."

बाबा खाटेची दोरी ओढत होते. वर न बघता म्हणाले, "दादा, मी पण त्या कोठ्याच्या भिंतीलेच डोकं टेकून झोपतो."

एवढंच. पण मी बाबांना काकांसमोर पूर्ण वाक्य बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

मंगळवारी अंगणाच्या टोकाला चार बल्ल्या उभ्या राहिल्या, वर टिन आलं, व्हॅन खाली गेली. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की नवा कापूस येणार, कोठ्यात जागा लागते. त्यांना ते कारण आवडत असेल तर असू दे.

बुधवारी सकाळी व्हॅन वेशीत उभी. दहाजणी आत बसलेल्या. मी पायरीपाशी आले तर काका दाराला हात लावून उभे. त्यांनी हात काढला नाही.

"चुकलं म्हन. येवढंच म्हन, आन बस."

बाबारावकाका आरशातून बघत होते. मला खरंच वाटलं की म्हणून टाकावं, एक शब्द तर आहे, पाय दुखत होते, पहिल्या तासाला गणिताची चाचणी होती. पण चुकलं म्हटलं असतं तर पुढच्या नवमीला कुणीतरी पुन्हा बुचं उघडी ठेवून पाट मांडला असता, आणि तेव्हा फुंकर मारायची कुणाची हिंमत झाली नसती. माझीसुद्धा नाही.

"नाई म्हनत, काका," मी म्हटलं. "गाडीनं नेलं नाई तर चालत जाईन. चुकलं नाई माझं."

वच्छला आपलं दप्तर घेऊन उठली. तिच्यामागे आणखी एक उठली. काकांनी ते पाहिलं. मग दाराकडे पाहिलं, आपल्याच हाताकडे पाहिलं, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा आहे.

"बस," ते म्हणाले. "चाचणी हाय ना तुही."

मी बसले, पुढे, बाबारावकाकांच्या शेजारी.