मूठ उघडी ठेव

माझ्या नवऱ्याला हरायला त्याच्या बापानं शिकवलं, आणि तेही माझ्या डोळ्यांदेखत.

स्कॉटलंडच्या या आमच्या सीमेवरच्या डोंगरात गावोगाव उन्हाळी जत्रा भरते. जत्रा म्हटली की धावण्याची शर्यत आली, आणि शर्यत आली की पेट्यांवर उभं राहून भाव ओरडणारे बुकी आले. इथं सगळे एका रेषेवरून सुटत नाहीत. आधी जो मागे पडत आला असेल, त्याला पंच दोन-चार पावलं पुढून सोडतात. मग शहाणा धावपटू काय करतो? हरत राहतो. पंच त्याला आणखी पुढं उभा करतात, बुकी त्याला कवडीमोल समजून चढा भाव देतात, आणि एका ठरलेल्या दिवशी सगळं गाव त्याच्यावर पैसे लावतं. त्या दिवशी तो खरा पळतो. नियमात हे बसत नाही, सापडला तर बंदी; पण आमच्याकडे याला कुणी लबाडी म्हणत नाही. पाद्रीसुद्धा लावतात, फक्त बायकोच्या हातून.

माझा नवरा वॉटी वाऱ्यासारखा पळायचा. त्याचे वडील डॉड, धंद्यानं खाटीक, त्याला लोकरीच्या गिरणीमागच्या कुरणात तयार करायचे. मी आमच्या लेकीला, एल्स्पेथला, कडेवर घेऊन कुंपणापाशी उभी असायची.

"तोंड वेडंवाकडं कर, दात खा, जीव चालल्यासारखं दाखव," म्हातारा सांगायचा. "पण रेषेआधीचं शेवटचं निशाण आलं की मूठ आवळ. मूठ आवळली की खांदे आखडतात आणि पाय आपोआप मरतात. वरून देवाला कळायचं नाही."

"बाबा, एकदा तरी खरं पळू द्या की."

"पळशील रे. गाभण गाईला चाबूक मारून वासरू लवकर मिळत नाही."

दोन उन्हाळे असेच गेले. कुरणात मूठ, जत्रेत मूठ. परगावचे लोक हिणवायचे, "खाटकाचं पोर पळतंय की चरतंय?" वॉटी हसून सोडून द्यायचा. मला मात्र त्यांच्या झिंज्या उपटाव्याशा वाटायच्या.

मग कार्लहोपच्या जत्रेचा दिवस ठरला. बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. गिरणीतल्या माझ्या मैत्रिणींनी नाताळसाठी राखलेले पैसे आणले होते, शेजारच्या म्हाताऱ्या जेसीनं तर मयतीसाठी ठेवलेले. "पोरा, मला फुकट मरू देऊ नकोस हं," असं म्हणून तिनं वॉटीचा गाल ओढला.

मैदानावर डॉडनं डोक्यावरची टोपी काढली. तीच खूण. आमची माणसं एकाच क्षणी सगळ्या बुकींवर तुटून पडली. बुकींना काय झालं ते कळेपर्यंत पैसे लागलेसुद्धा.

"आज मूठ उघडी ठेव," म्हाताऱ्यानं वॉटीला सांगितलं.

बार उडाला. वॉटी सुटला तो असा, की मी ओरडायचंच विसरले. दोन वर्षं ज्याला बांधून ठेवलं होतं तो माझा नवरा होता का हा? बाकीचे मागे, सगळे मागे. मी त्याचे हात बघत होते, मला तीच सवय लागली होती. बोटं मोकळी होती. जेसी माझा दंड दाबत होती.

शेवटचं निशाण आलं आणि त्याच्या मुठी आवळल्या.

मी बघितलं. खांदे वर चढले, पाय मेले, आणि गॅलाशील्स गावचा एक लांबड्या त्याच्या बाजूनं निघून गेला. वॉटी रेषेपलीकडे जाऊन थांबला आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. ते दुसऱ्या कुणाचे असावेत तसा. त्यानं हे केलं नव्हतं. त्याच्या हातांनी केलं होतं.

मला वाटलं, दुसऱ्या कुणाला नाही तरी डॉडला हे कळेल. तो धावत आला आणि त्यानं सगळ्यांदेखत वॉटीच्या कानशिलात लगावली.

"कुणी विकत घेतलं तुला?"

"बाबा, मी पळालो. देवाशपथ, मी खरा पळालो."

"मला शिकवतोस? मूठ दिसली मला!"

तोवर पंच ऑर्मिस्टन आला. त्यानं शांतपणे डॉडला विचारलं, "तू याचा गुरू. हा मुद्दाम मागे पडला का?"

मी तोंड उघडलंच होतं. वॉटीनं माझं मनगट घट्ट धरलं आणि कानाशी कुजबुजला, "नॅन, गप्प बस. कुणी शिकवलं ते कळलं तर बाबांना जन्मभर मैदानात पाऊल टाकू देणार नाहीत. त्यांना दुसरं आहे काय?"

आणि त्याच बाबांनी टोपी डोक्यावर चढवली. "मला काय विचारता? मला मुलगा नाही."



वॉटीवर कायमची बंदी आली. गावाला दोन वर्षांचं खोटं चालत होतं, ते गावासाठी होतं ना! पण ही एक हार गावाला पचली नाही. दारूच्या गुत्त्यात वॉटी टेकला की बाक रिकामं व्हायचं. गिरणीत बायका माझ्याशी सुताच्या गुंड्यापुरतं बोलायच्या. डॉडचं दुकान आमच्याच रस्त्यावर. आम्ही दिसलो की तो आत जाऊन सुरी परजत बसायचा. मी रोज वॉटीला म्हणायची, "सांगून टाकूया." तो मान हलवायचा.

पुढच्या उन्हाळ्यात चर्चची सहल होती. तिथं पोरांच्या बापांची शर्यत लावतात, बक्षीस बिस्किटांचा डबा. बुकी नाही की भाव नाही. वॉटी झाडाखाली तोंड लपवून बसला होता.

"डॅडी, पळ ना! माझ्यासाठी!" एल्स्पेथनं त्याला ओढून नेलं आणि स्वतः पलीकडच्या टोकाला हात पसरून उभी राहिली. पाद्रीबुवांनी अंतिम रेषेच्या थोडं अलीकडे काठीला आपला लाल रुमाल बांधला होता, बापांना जवळ आल्याचं कळावं म्हणून. नातीसाठी डॉडही आला होता, आमच्याकडे पाठ करून.

वॉटी सुटला आणि कार्लहोपनंतर पहिल्यांदाच मला तो हसताना दिसला. पोस्टमन मागे, पाद्री मागे, पोट सावरत पळणारा बेकरीवाला तर कुठल्या कुठे. एल्स्पेथ उड्या मारत होती.

रुमालापाशी त्याच्या मुठी आवळल्या.

मागचा एक बाप धापा टाकत पुढे निघून गेला. दोघं-चौघं हसले आणि मग हसू जागच्या जागी विरलं. बिस्किटांच्या डब्यासाठी कुणी कुणाला विकत घेत नाही, हे प्रत्येकाला उमगलं. जेसीनं तोंडावर हात ठेवला.

"डॅडी, तू थांबलास का?" एल्स्पेथनं विचारलं.

डॉड गर्दीतून वाट काढत आला. तिथं पंच ऑर्मिस्टनसुद्धा बसला होता, हे त्यानं बघितलं होतं.

"मी शिकवलं," म्हातारा मोठ्यानं म्हणाला. "दोन वर्षं. मीच." मग त्यानं वॉटीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि एकेक बोट सोडवायला लागला. "उघड रे, पोरा. आता उघड."

"उघडत नाही, बाबा," वॉटी म्हणाला.